डोळ्यातलं खळं

चंद्राभोवती कडं दिसलं की आमच्याकडे म्हणतात, खळं पडलं, आता पाऊस येणार. आमच्या घरात खळं डोळ्यातही पडायचं. बुबुळ जिथे संपतं त्या काठाने राखेच्या रंगाची एक कोर उगवायची, आधी वरून, मग खालून. दोन कोरी जुळून वाटोळं पूर्ण झालं की घरातला तो पुरुष फार दिवस राहत नाही, असं आत्या सांगायची. गॅस संपत आलाय हे सांगावं तशा साध्या आवाजात सांगायची. म्हणून जास्त भीती वाटायची.

पुरावा ओटीवरच टांगलेला होता. बाळकुमच्या आमच्या घरात शिरलं की समोर तीन फोटो: आजोबा, थोरले काका, धाकटे काका. तिघांच्याही डोळ्यांत ते कडं. स्टुडिओवाले तेव्हा फोटो मोठा करून देताना ब्रशने डोळे काळेभोर करून द्यायचे. धाकट्या काकांचा फोटो तसा होऊन आला, तेव्हा आत्या तो बगलेत मारून परत ठाण्याला गेली आणि दुकानदाराला म्हणाली, "ह्यो आमचा नाय." खळं पुन्हा काढून घेतलं, मगच तिने तो खिळ्याला लावू दिला. आम्ही ओटीवरच जेवायचो. ताटातून मान वर केली की तिघं आपल्याकडे बघतायत असं वाटायचं, आणि मान खाली घातली तरी.

ज्याला खळं पडलं त्याला जेवायला घालायचं, ही आमच्या घराची रीत. गावात दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. जाणारा माणूस अतृप्त जाऊ नये म्हणून त्याच्या आवडीचं, घरातलं उत्तमातलं उत्तम, रोज, पोटभर. आमच्या खाडीकाठच्या बोलीत ड आणि ढ यांचा र होतो. गाडीची गारी, खाडीची खारी. तसं वाढलं याचं होतं वारलं. आत्या म्हणायची, "थोरल्याला मी वारलं, मगच तो गेला." शाळेत गेल्यावर मला कळलं की पुस्तकातल्या मराठीत वारलं म्हणजे मेलं. त्यानंतर आत्याची ती वाक्यं मला दोनदा ऐकू येऊ लागली.

बाबांना खळं पडलं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मी ठाण्यात कॉलेजला होते. रविवारची सकाळ होती. बाबा मागच्या अंगणात खिळ्याला आरसा अडकवून दाढी करत होते आणि आत्या विळीवर मासे साफ करत बसली होती. बाबांची ती थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडेच. तिने हातातला मासा खाली ठेवला.

"बाला, हिकरं बग."

"काय गं बाय?"

"उजेरान बग. वर बग."

बाबांनी साबण लावलेलं तोंड वर केलं. ती चिंबोरीसारखी तिरकी चालत जवळ गेली, हात रक्ताचे म्हणून मागे धरून, आणि त्यांच्या डोळ्यांत वाकून बघितलं.

"परलंय," ती म्हणाली. "खलं."

बाबांनी उरलेली दाढी केली. कुठे कापलं नाही. पण त्या दुपारी त्यांच्या ताटात माशाच्या अंड्यांची तळलेली गाबोळी होती, कलेजी होती आणि खोबऱ्याच्या दाट दुधातलं अंड्याचं कालवण होतं. आमच्या ताटात नेहमीचं.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते कंपनीत ऑपरेटर होते आणि युनियनचे माणूस होते. आमच्या घरात देवापेक्षा पत्रकं जास्त होती. संपाची, सभेची, बुवाबाजीविरोधी, विज्ञानाची, हुंड्याविरोधी. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं केली, मांडणीवरच्या डब्यांखाली पत्रकं, पुस्तकांना कव्हर पत्रकांची. मला अक्षरओळख झाली ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दावर. अमावस्येला लिंबू ओलांडून जायला बाबांनीच मला शिकवलं. त्यामुळे ते आत्याला उडवून लावतील, हसतील, निदान एक भाषण देतील, अशी मी वाट बघत होते. ते जेवले. बोटं चाटली. म्हणाले, "बाय, झकास."

मग घर बदलू लागलं. बाबांशी वाद घालणं ही आमच्या गल्लीची करमणूक होती. संध्याकाळी ओटीवर माणसं जमायची आणि कंपनी बंद पडणार की मालक घाबरवतोय यावर घसा बसेपर्यंत भांडायची. आता बाबा काहीही बोलले तरी ती माणसं मान डोलवायची. एकदा मला वाटतं मुद्दामच बाबा साफ उलटं बोलले. म्हणाले, मालकाचंही काही चुकत नाही. एरवी चप्पल हाणली असती. त्या दिवशी सगळे गप्प बसले. एक जण हळूच म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि उठून आत गेले.

शेजारणी झाकलेले टोप घेऊन यायच्या. "भावोजींना आवडतं ना, म्हणून." आल्या की त्या आधी बाबांच्या डोळ्यांत बघायच्या, मग जमिनीकडे. जिवंत माणसाभोवती आम्ही सुतक पाळत होतो, फक्त ते सुतक चविष्ट होतं. बाबा एका संध्याकाळी आईला फ्यूजची तार कशी बदलायची ते दाखवायला लागले. आई म्हणाली, "अहो, तुम्ही आहात की." ते म्हणाले, "असू दे. शिकून घे." मग गच्चीवरच्या टाकीचा कॉक. मग सिलिंडरचा वायसर. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझ्या डोक्यात संताप नुसता उकळत होता. ज्या माणसाने मला लिंबू ओलांडायला शिकवलं तो स्वतः उंबऱ्यावर पाय आवरून बसला होता.

डॉक्टरकडे मी त्यांना खोटं सांगून नेलं. त्यांच्या टाचेमागच्या जाड शिरेवर गाठी आल्या होत्या आणि चपलेचा पट्टा तिथे घासायचा. मी म्हटलं, चला, त्या गाठी दाखवून येऊ. ठाण्यात तलावपाळीजवळ एक बाई प्रॅक्टिस करायच्या. भराभर बोलणाऱ्या, चष्मा कपाळावर. त्यांनी टाच दाबून बघितली, मग न सांगता बाबांचे हात उलटे करून बोटांचे सांधे चाचपले, मग बॅटरी डोळ्यांवर मारली. त्यानंतर त्या भराभर बोलेनाशा झाल्या.

"घरात कोणी अचानक गेलंय?"

"वडील," बाबा म्हणाले. "मोठा भाऊ. धाकटा भाऊ."

"छातीत कळ येऊन?"

"हो."

"तुमच्या वयाचे असताना?"

"माझ्या वयाचं कोणी झालंच नाही."

बाईंनी उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितलं. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो टेबलावर उलटा ठेवला आणि आधी आम्हाला बसवलं. कोलेस्टेरॉल फार आहे, म्हणाल्या. खूपच फार. ते रक्ताच्या नळ्यांना आतून लेप देत जातं. डोळ्यातलं कडं तेच, टाचेच्या गाठी त्याच्याच. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात असं कडं आलं तर सहसा त्यात काही नसतं, तुमच्या वयात आलं तर रक्त बघायचं असतं. "सोपं सांगायचं तर रक्तात एक प्रकारची चरबी आहे."

बाबा खुर्चीतून उठले.

"मॅडम. मला चरबी?"

त्यांच्या शर्टातून बरगड्या मोजता आल्या असत्या. आयुष्यभर त्यांनी पत्रकांत हा शब्द एकाच माणसासाठी वापरला होता, आणि तो माणूस गाडीतून फिरायचा. मालकाला चढलेली चरबी, मॅनेजरला चढलेली चरबी, कामगारांच्या घामावर चढलेली चरबी. मला हसू आलं आणि ते मला दाबता येईना.

"अहो, पोटावरची नाही, रक्तातली," बाई म्हणाल्या. "काडीसारख्या माणसालाही असते. तुम्हाला ती वडिलांकडून आली."

"वडिलांकडून मला दुसरं काहीच आलं नव्हतं," बाबा म्हणाले आणि बसले.

मग बाईंनी बोटांवर मोजत सांगितलं. बिडी बंद, आजपासून. गाबोळी, कलेजी, भेजा, अंड्यातलं पिवळं, मटणाची चरबी, डालडा, नारळाचं दूध, सगळं बंद. मासे चालतील, पण कालवणातले किंवा भाजलेले. भाज्या, डाळी. रोज भरभर चालायचं. आणि एक गोळी, नवीन आलीय आपल्याकडे, रात्री जेवणानंतर. पाय फार दुखायला लागले तर लगेच सांगायचं. "कधीपर्यंत?" बाबांनी विचारलं. "कायम," त्या म्हणाल्या. "बंद केली की पुन्हा पहिल्यासारखं." मलाही रक्त द्यायला सांगितलं. माझं स्वच्छ निघालं. मला आनंद व्हायला हवा होता. घरी आल्यावर ओटीवरच्या तिघांपुढून जाताना मात्र मला विचित्र वाटलं, त्यांनी मला घरातून वगळल्यासारखं.

बाबा गोळी घ्यायला तयार नव्हते. औषधकंपन्या धडधाकट माणसाला आजारी ठरवतात आणि मरेपर्यंत गिऱ्हाईक करतात, असं एक पत्रक होतं आणि ते बाबांनी स्वतः कंपनीच्या गेटवर उभं राहून वाटलं होतं. मीही ते वाटलं होतं, शाळेच्या गणवेशात. आम्ही खाडीच्या बांधावरून चालत होतो. भरती ओसरली होती, चिखलावर उभी होड्यांची रांग, आणि दूर कंपनीच्या नाल्याचं पाणी जिथे खाडीला मिळतं तिथे तांबूस फेस. त्या फेसावर बगळे कधी उतरत नसत.

"कायम म्हणजे काय?" बाबा म्हणाले. "गुलामी झाली ही."

"पत्रकात लिहिलं होतं, प्रश्न विचारा. मी बाईंना विचारले. त्यांनी उत्तरं दिली. आता तुम्ही एक उत्तर द्या. आजोबांना कुठल्या कंपनीने आजारी ठरवलं?"

ते चालत राहिले.

"आजोबांनी आयुष्यात एक गोळी घेतली नाही. कोणाचे गिऱ्हाईक नव्हते ते. मग?"

"माझ्यासारखी बोलायला लागलीस."

"मग कुणासारखी बोलू?"

"घेतो," ते म्हणाले. "पण संपाचा हक्क राखून."

चालणं सोपं जाईल असं वाटलं होतं. ते सगळ्यात अवघड गेलं. बाबा पहाटे कामावर जायचे म्हणून संध्याकाळी चालायचे, आणि गावातून चालू लागले की माणसं दारात यायची. खळं पडलेला माणूस घरोघर फिरतोय, याचा गावाने आपल्यापुरता अर्थ लावला होता. निरोप घ्यायला आलाय. "या, काका, दोन घास खाऊन जा." "भाऊ, आमच्या दारात येऊन उपाशी जाऊ नका." कोणी खरवस पुढे करायचं, कोणी कोंबडीच्या कालवणाची वाटी. नाही म्हटलं की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. एका म्हातारीने तर त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "मागं काय र्‍हायलं असंल त माफ कर." बाबांनी तिला माफ केलं. कशाबद्दल, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर ते कंपनीच्या मागच्या भिंतीलगत चालायला लागले, जिथे कुत्र्यांशिवाय कोणी नसायचं.

आईने मात्र स्वयंपाकघर बदललं. ती डोंबिवलीची, चाळीत वाढलेली. आमच्या घरची रीत तिने सासू-नणंदेच्या धाकाने पाळली होती, मनापासून नाही. बाईंचं म्हणणं तिने ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून तेल चमच्याने मोजून. दुधी, पडवळ, मुगाची डाळ, तांदळाची भाकरी, भाजलेला बांगडा. साय काढून ती मांजराला. बाबा कुरकुरायचे. "दुधीत काय असतं गं?" "पाणी," आई म्हणायची. "खा."

आत्याने एक शब्दही काढला नाही. भांडण तिचा श्वास होता. कोळणीशी भावावरून तासभर भांडायची ती बाई आपल्या भावाच्या ताटात रोज दुधी बघत होती आणि गप्प होती. मला वाटलं, ती हरली. मी आतून खूष होते, ते लपवत नाही. मी तिला समजावायलाही गेले होते. डोळ्यातलं खळं म्हणजे चरबी आहे आत्या, दुसरं काही नाही. ती म्हणाली, "माज्या बापाला चरबी होती? त्याच्या अंगावर सदरा नव्हता गं." मग ती सुपातले तांदूळ निवडत राहिली.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं. उपाशीपोटी. त्या सकाळी बाबा चहासुद्धा न घेता निघाले तेव्हा आत्या मागच्या दारात उभी राहिली, आणि आम्ही परत आलो तेव्हा ती तिथेच, तशीच उभी होती. बाबांना बघून तिने दाराची चौकट सोडली. चौकटीवर तिच्या घामाचा हात उमटला होता.

आकडा किंचित उतरला होता. बाईंच्या कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला.

"गोळी घेताय?"

"रोज."

"बिडी?"

"बंद."

"चालताय?"

"कुत्री ओळखतात मला."

"मग इतकाच कसा उतरला? पथ्य कुठे मोडतंय?"

बाबा छताच्या पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता.

दोनेक आठवड्यांनी एका दुपारी कॉलेज लवकर सुटलं. मी पुढच्या रस्त्याने न येता खाडीच्या बाजूने आले, आणि आमच्या कुंपणाशी पोचायच्या आधी वास आला. गाबोळी तळल्याचा. मागच्या अंगणात, जिथे पाणी तापवायची चूल होती, आत्या बसली होती. बाबा कपडे धुवायच्या दगडावर, पहिली पाळी करून आलेले, अंगात कंपनीचाच शर्ट, मांडीवर पितळी ताट. आई त्या वेळी शिवणाच्या क्लासला असायची. ही रोजची सोय होती, हे मला एका नजरेत कळलं. पुढच्या दारी औषध चाललं होतं आणि मागच्या दारी निरोप.

आणखी एक गोष्ट दिसली. कुंपणाच्या पत्र्याशी, एका विटेवर, पानात वाढलेलं जेवण. भात, गाबोळीचा तुकडा, वर थोडं कालवण. तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

बाबा मला बघून म्हणाले, "ये. जेवलीस?"

मला काय काय बोलायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "आत्या, तू मारतेयस त्यांना."

ती वळली नाही. तव्यावरचा तुकडा उलटला.

"मी कुनाला मारलं नाय. मी दोगांना वारलं. बापाला आन् थोरल्याला. ते निवांत हायेत. कदी आले नाय परत." मग तिने उलथणं पत्र्याच्या दिशेने केलं. "त्यो येतो."

त्यो म्हणजे धाकटे काका. ते मोहने गावच्या कंपनीत होते, तिथल्याच खोल्यांत राहायचे. त्यांच्या डोळ्यांत कडं आलेलं आत्याला दिवाळीत दिसलं होतं. ती डबा घेऊन जायला निघाली होती, पण काकांनी निरोप पाठवला, येऊ नकोस, कंपनीत गडबड चाललीय, मीच येतो. मग ते गेल्याचाच निरोप आला. पहाटे नुसत्या चहावर पाळीला गेले होते आणि गेटाशी कोसळले.

"उपाशी गेला," आत्या म्हणाली. "तवापासून दुपारी येतो. ताट खरवरतो. ह्याला बी तसाच पाठवू? दोगं आले त मी काय करू?"

मी बाबांकडे वळले. त्यांनी हसावं, एवढीच माझी अपेक्षा होती. सभेत एखाद्या बुवाचं सोंग काढताना हसायचे तसं.

"मीही ऐकलाय," बाबा म्हणाले. "आवाज."

दुपार एकदम उघडी पडल्यासारखी वाटली. खाडीवरून वारा नव्हता. चुलीतलं लाकूड तडतडायचं थांबलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. आणि मग आलं. पत्र्याच्या पलीकडून धातूवर काहीतरी घासल्याचा आवाज. एकदा, थांबून पुन्हा एकदा, सावकाश, तळाला लागलेलं काढत असल्यासारखा. कावळा असेल. डबा असेल. मी बघायला गेले नाही. पाच पावलांवर पत्रा होता आणि मी, लिंबू ओलांडणारी, गेले नाही.

आत्याने आता मान वर केली. माझ्यावर ओरडण्यासाठी केली असावी, कारण तोंड उघडलेलं होतं. उतरतं ऊन तिच्या तोंडावर तिरकं आलं. आणि मला तिचे डोळे दिसले.

"आत्या," मी म्हटलं, "हिकडे बघ. वर बघ."

"काय ते?"

"उजेडात बघ."

वाटोळं पूर्ण होतं. दोन्ही डोळ्यांत. ओटीवरच्या तिघांपेक्षा जाड, पांढरंशुभ्र, कुठेही न तुटलेलं. बाबा ताट घेऊन उठले, जवळ आले, वाकले. त्यांचा चेहरा आठवतो. मग त्यांनी खिळ्यावरचा दाढीचा आरसा काढून तिच्या हातात दिला.

ती बघत राहिली. एक डोळा बोटाने ताणून बघितला, मग दुसरा.

"कवा परलं?" तिने विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात पडलं असेल किंवा मी जन्मायच्या आधी. तिच्या वयात ते नुसतं म्हातारपणही असू शकतं, बाई तसं म्हणाल्या होत्या, आणि ते मी तिला सांगितलं. सांगताना माझ्या मनात भलतंच चाललं होतं. ही बाई आमच्या घरात सगळ्यांच्या मागून जेवली. टोपाच्या कडेचा भात, कालवणाचं पाणी, उरली असली तर भाजी. गाबोळी तिने आयुष्यभर तळली आणि वाटली. डोक्यावर पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात चालत गेली, चालत आली. खळं पडूनही कोणी राहिलं असेल तर ते ह्या घरात तीच एकटी. मी ते सगळं भडाभडा बोलूनही टाकलं, पत्रक वाचल्यासारखं.

तिने ऐकलं नाही. आरसा मांडीवर उपडा ठेवला.

"मग मना कुनी वारलं का नाय?"

बाबा म्हणाले, "बाय, आमाला दिसलंच नाय गं."

"दिसल कसं? बगलंच नाय कुनी."

तिने हात पुढे करून बाबांच्या हातातलं ताट घेतलं. आपल्या मांडीवर ठेवलं आणि जेवायला लागली. घाई नव्हती. एकेक घास नीट चावून, कोणाकडेही न बघता. बाबा तिथेच उभे होते, रिकामे हात तसेच पुढे.

"बाय, थोरी तरी..."

"तुजा दुदी हाय आत. जा."

बाबा आत गेले. मी स्वयंपाकघरातून झाकण उघडल्याचा आवाज ऐकला.

त्यानंतर मागच्या चुलीवर फक्त पाणी तापलं. पुढच्या तपासणीत बाबांचा आकडा चांगला उतरला, त्याच्या पुढच्यात आणखी. बाई म्हणाल्या, पाहिजे तिथे अजून नाही, पण रस्ता बरोबर आहे. माणसं हळूहळू पुन्हा भांडायला येऊ लागली. एकाने बाबांना मूर्ख म्हटलं, तेव्हा आईने आतून सगळ्यांसाठी चहा पाठवला.

आत्याच्या डोळ्यांची बातमी गल्लीत सगळ्यांना कळली. बाबांच्या वेळी टोप घेऊन आली होती ती गल्ली. आत्याकडे कोणी आलं नाही. बाईमाणसाला ते लागू नसतं, असं एका शेजारणीने मला समजावलं. मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण नंतर वर्षभर ती आमच्याकडे हळदीकुंकवाला आली नाही.

आत्याला रक्त तपासायला न्यायचं मी ठरवलं. ती तयार झाली, लुगडंही नवं काढलं. मग मी सांगितलं की उपाशीपोटी जायचं असतं.

"उपाशी?" ती म्हणाली, आणि लुगडं परत घडी करून ठेवलं. "नाय. उपाशी मी उंबरा वलांडनार नाय. तितंच राह्यली त?"

मी समजावलं, रागावले, बाबांना मध्ये घातलं. ती हलेना. शेवटी मी म्हटलं, डबा बरोबर घेते. सुई निघाली की त्याच जागी बसून जेव.

तिने लुगडं पुन्हा पुढ्यात ओढलं.

"डब्यान काय?"

"तुला काय हवं?"

तिने जे सांगितलं ते मला माहीत होतं. पथ्याची सगळी यादी मला पाठ होती. पहाटे मी उठून गाबोळी तळली, आई शेजारी उभी राहून बघत होती. लॅबच्या बाकावर कोपरावर कापूस दाबून आत्याने डबा उघडला. तळलेल्या माशाच्या वासाने रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने पहिला घास घेतला आणि डबा माझ्यापासून थोडा लांब सरकवला.